एकोणचाळीस नंबरची बेरीज

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. विद्यापीठाच्या तळमजल्यावर टायपिस्ट बायकांची खोली होती. एका दुपारी वरच्या मानसशास्त्र विभागात प्रबंधाचं काम करणारा एक उंच तरुण जिना धाडधाड उतरत आत शिरला आणि खिडकीजवळच्या मुलीसमोर प्रती काढायचं फाटलेलं स्टेन्सिल धरून उभा राहिला.

"तीस प्रश्न आहेत. पुन्हा टाइप करून द्याल? आज… म्हणजे आत्ताच?"

तिनं पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला. 'जोडीदाराची दूर बदली झाली, तर तुम्ही सोबत जाल का?'

"हे कशासाठी?"

"माणूस जन्माची साथ द्यायला कितपत तयार आहे, ते मोजायला. शंभरपैकी गुण."

"असं मोजता येतं?"

"ताप नाही का मोजत?"

"तापाला पारा असतो."

"तो तुमच्याकडे दिसतोय," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

बाकीच्या बायका खुदखुदल्या. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं मोजपट्टी.

मोजपट्टीला बेरजा करायला कुणीतरी हवं होतं. रोज चार वाजता ती वर त्याच्या खोलीत जाऊ लागली. तो न बोलता पेन्सिलीला टोक काढून तिच्या हाताशी ठेवायचा. बस्स, एवढंच. पण तिला ते पुरायचं.

दीडशे जणांनी ती प्रश्नावली भरली. सहा आठवड्यांनी त्यांच्याकडूनच ती पुन्हा भरून घ्यायची होती. दोन्ही वेळचे गुण जवळपास सारखे आले, तरच प्रश्नावली भरवशाची. कागदावर नावं नव्हती, नुसते नंबर. पण एकोणचाळीस नंबर कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पांढरे बूट घालणारी, खळखळून हसणारी नर्स! 'शंका विचारायला' त्याच्याकडे चार वेळा येऊन गेलेली. तिला एवढ्या शंका कसल्या?

"जेवायला बसल्यापासून सातव्यांदा नर्सचं नाव घेतलंस," त्या रात्री घरी तिची थोरली बहीण, ताई, म्हणाली. "लग्न तिच्याशी ठरलंय का तुझं?"

"ताई, गप्प बस हं!"

नर्सचे पहिले गुण एकसष्ट होते. दुसऱ्यांदा बेरीज आली अठ्ठ्याऐंशी. सहा आठवड्यांत सत्तावीस गुण! कुणामुळे, हे काय सांगायला हवं? त्याला हे कळलं तर… तिनं तक्त्यात लिहिलं, बासष्ट.

आठवड्यानं तो नाचतच आला. "एकही माणूस दहा गुणांपलीकडे हललेला नाही! उद्या सरांपुढे तक्ता ठेवतो. तुमच्यामुळे झालं हे!"

तिला रडू फुटलं. गप्प राहिली तर त्याचं काम खोट्यावर उभं राहणार होतं. बोलली तर तो जाणार होता, आणि जाणार तो नर्सकडेच.

"एकोणचाळीसचे अठ्ठ्याऐंशी आहेत," ती म्हणाली. "मी मुद्दाम खोटं लिहिलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "का?"

"ती तयार झाली होती… तुमच्यासाठी. तुम्हाला कळू नये म्हणून."

त्यानं पेन्सिल घेऊन तक्त्यातला बासष्टचा आकडा खोडला.

"मला कळलंय. परवा तिनं स्वतःच लग्नाचं विचारलं. मी नाही म्हटलं."

"आता माझ्यावर रागावलात?"

"खूप. आता सगळ्या बेरजा नव्यानं करायच्या." तो खिडकीकडे वळला. "पण उद्या चार वाजता तुम्ही आला नाहीत, तर… त्याहून जास्त रागावेन."

सगळ्या तीनशे बेरजा तिनं पुन्हा केल्या. प्रबंध आठ महिने रखडला, आणि त्याच आठ महिन्यांत त्यांचं लग्न झालं. पुढे तो प्राध्यापक झाला. त्याची प्रश्नावली फारशी कुणी वापरली नाही. ताईनं लग्न केलं नाही. धाकटीची तीन मुलं तिनंच लाडावून ठेवली.

नर्स मोठ्या इस्पितळाची मेट्रन झाली. दर नववर्षाला प्राध्यापकांच्या नावे तिचं कार्ड यायचं, दोन ओळींचं. ते आधी बायको वाचायची. एका वर्षी तीन ओळी आल्या, तर ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

दोन वर्षांपूर्वी कार्ड आलं नाही. तो विसरूनही गेला होता. ती मात्र महिनाभर रोज फाटकाशी उभी राहून पोस्टमनला विचारत होती. शेवटी तिनंच इस्पितळात फोन केला. खाली ठेवला, आणि चष्मा काढून किती तरी वेळ पुसत बसली.