दोन गाण्यांच्या मधली जागा

बाबांनी गाणी ऐकायच्या ॲम्प्लिफायरसाठी मागवलेली पॉवर कॉर्ड आली. अंगठ्याएवढी जाड, काळ्या विणलेल्या कापडात गुंडाळलेली. एवढ्याशा तारेला खोकं मात्र बूट मावतील एवढं.

"केटलीला लावून बघू," मी म्हटलं. "चहा सुधारतो का कळेल."

"लाव. त्या निमित्ताने तरी करशील. मी नसलो की गॅससुद्धा पेटवत नाहीस."

हा त्यांचा ठरलेला टोमणा. मध्यंतरी ते दवाखान्यात होते तेव्हा मी घरी येऊन नुसती बिस्किटं खात होते, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वीजकेंद्रापासून भिंतीपर्यंत साधीच तार असताना शेवटच्या हातभर तारेने आवाज कसा बदलेल, हे माझं त्यांना विचारून झालं होतं. पण कॉर्ड बनवणारी कंपनी म्हणजे एक नवरा-बायको होते, आणि बाबांचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. "मोठ्या कंपनीत फोन यंत्र उचलतं. इथे जिने सोल्डरिंग केलं तीच उचलते. शिवाय महिनाभर ऐकून परत करता येते."

मी रीतसर चाचणी घेतली. बाबा ॲम्प्लिफायरकडे पाठ करून बसले. नाणं उडवून मी कधी जुनी, कधी नवी कॉर्ड लावत गेले. ते एकदाही चुकले नाहीत.

"कशावरून ओळखता?"

"गाण्यात काय ऐकतेस? दोन गाण्यांच्या मधे ऐक."

मी ऐकलं. गाणं संपलं आणि त्या शांततेत नळ बंद झाला. आमच्याच नळाची कुरकुर. मग चमचा. मग ट्रेमध्ये दोन कप ठेवल्याचा आवाज. बाबांच्या जाड कपाचा ठक, माझ्या पातळ कपाची किणकिण.

मी स्वयंपाकघरात जाऊन आले. सिंक कोरडं होतं.

जुन्या कॉर्डवर मधली जागा रिकामी असायची. नवी मी प्रयोगशाळेत नेऊन मोजली. चांगल्या प्रतीची तांब्याची तार, बाकी काही नाही. शेवटी कंपनीला फोन केला.

"इतरांनाही काही ऐकू येतं का?"

"येतं ना," ती बाई सहज म्हणाली. मागे पक्कड ठेवल्याचा आवाज आला. "आपापलं घर ऐकू येतं म्हणतात. नको असेल तर पाठवा, ताई. पण परत फारसं कोणी पाठवत नाही."

एका संध्याकाळी मधल्या जागेत झाकण पडून गरगरलं, आणि माझाच आवाज आला, "गेलं का फ्रिजखाली?" तसं काही घडलं नव्हतं.

ते रविवारी खरंच घडलं. शब्द तेच. झाकण काढायला मी वाकले होते, ती तशीच वाकून राहिले.

"बाबा, महिना संपत आलाय. पाठवून देऊ ती."

"आधी बस जरा."

गाणं संपलं. नळाची कुरकुर. चमचा. कप.

मी वाट पाहिली. पुढचं गाणं सुरू झालं.

"एकच कप," मी म्हटलं.

"मी मागच्याच आठवड्यात ऐकलं." बाबांचे डोळे मिटलेले होते. चेहरा पोटभर जेवल्यासारखा तृप्त. "करतेस हं तू स्वतःपुरता चहा. माझा जीव भांड्यात पडला."

त्यांनी माझा हात थोपटला.  तो हात उबदार होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटत होतं.

पुढच्या शांततेत कप पुन्हा वाजला. बारीक किणकिण. आणि तिथून माझाच आवाज आला, सवयीने विचारल्यासारखा.

"बाबा, साखर?"

"अर्धा चमचा," बाबा खुर्चीतून म्हणाले.

तिकडचा चमचा थांबला.

मग, जरा वेळाने, ट्रेमध्ये जाड कपाचा ठक असा आवाज आला.