खांबाखालची हाक

कुणाला खोटं वाटेल, वाटो. मला इथे कुणाची वाहवा नकोय. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पायांची खुंटं मी रोज सकाळी पुसते, तेव्हा पुरावा वगैरे मला मागू नका.

गेल्या वर्षीचा एप्रिल. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सणाला चार दिवस होते.

जागा, बँकॉकमधलं शहर-खांबाचं देऊळ. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारी बाराची.

थाई माणसाशी लग्न होऊन मी या शहरात आले त्याला एकवीस वर्षं झाली. माझी जाऊ लामदुआन त्या देवळात नाचायची. लोक खांबाला नवस बोलतात आणि नवस फळला की नाच अर्पण करतात. ढोलवाले प्रासोंगकाका नवसाचं नाव पुकारायचे, तो माणूस ओ देऊन उदबत्ती घेऊन पुढे यायचा, की हिचा नाच सुरू.

खांबाची जुनी गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शहर वसवताना म्हणे राजाची माणसं रस्तोरस्ती हाका मारत फिरली. ज्यांनी ओ दिली त्यांना जिवंत खड्ड्यात उतरवलं आणि वरून खांब सोडला. खरं-खोटं देव जाणे, शिकलेले लोक हसतात.

पण लेकराचं खरं नाव इथे घरात कुणी घेत नाही. लामदुआनच्या लेकीला सगळे 'मू' म्हणायचे. मू म्हणजे डुक्कर. आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवतात ना, तसंच. भुताखेतांना वाटावं, हे कसलं पोर, राहू दे.

थोरले दीर वारल्यावर लामदुआनला ही एकच लेक. सहा वर्षांची. तिला डेंगी झाला. तीन दिवस नाकातून रक्त येत होतं, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

लामदुआन अनवाणी देवळात धावली. नवस बोलायचा तर देवाला कळायला नको, कुणासाठी? या शहरात घरटी एक मू आहे!

तिने खांबाला कपाळ टेकलं आणि लेकीचं खरं नाव घेतलं. आडनावासकट. तीनदा.

तेव्हा खांबाच्या तळाशी... काहीतरी हललं.

तिला वाटलं, बाहेरून बस गेली असेल.

दोन दिवसांनी पोरगी उठून भात मागायला लागली.

नवस फेडायच्या दिवशी मू नाचाच्या लाकडी मंचाच्या पायरीवर बसून आंबा-भात खात होती. लामदुआनने टोकदार पितळी मुकुट चढवला.

"आज स्वतःचा नवस आहे बाई, जरा कंबर लवव," प्रासोंगकाका म्हणाले. "गेल्या आठवड्यात वाटत होतं, कपाटच नाचतंय."

"तुम्ही आधी जागे राहा. अर्धा वेळ घोरत ढोल बडवता."

"बरं, नाव काय पुकारू?"

"मू."

"अगं, डुकराच्या नावाने नवस फेडतेस? खरं सांग."

तिने पायरीवरच्या लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "देवाला सांगून झालंय, आता लपवून काय उपयोग?" आणि तिने नाव सांगितलं. काकांनी माइकवर पुकारलं.

मूचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसता हात वर केला.

काकांनी माइक बंद करून खाली ठेवला.

आणि पुन्हा हाक आली...

फळ्यांखालून.

तेच नाव. तोंडात चिखल भरलेला माणूस बोलावा तसा आवाज.

लामदुआनने ढोलाकडे पाहिलं. काकांचे हात चालू होते... पण ढोल वाजत नव्हता. पंखे फिरत होते, त्यांची घरघर नव्हती. रस्त्यावर टुकटुक रिक्षांची रांग, एक हॉर्न नाही. तिला स्वतःचा श्वासही ऐकू येईना.

"मू, बोलू नकोस!" ती ओरडली. तिच्या तोंडातून आवाजच फुटला नाही.

तिसरी हाक आली.

मूने घास गिळला.

"ओ..."

पायरी फोडून हात वर आला. मनगटापासून सोललेला, नखांत तांबडी माती. त्याने मूचे केस धरले आणि हिसडा दिला. पोरगी कमरेपर्यंत लाकडात गेली. कशी गेली मला विचारू नका. तिचं तोंड वासलेलं होतं आणि आतून चिखल येत होता.

लामदुआनने मुकुट उपसला आणि टोक त्या हातात खुपसलं. एकदा, दोनदा, दहादा. बोटं मोडली, लोंबली, तरी सोडेनात. दुसरा हात आला. तिने त्याला कडकडून चावा घेतला. तोंडात रक्त नाही, माती आली. तिसरा हात पोरीच्या गळ्याभोवती आवळला.

"सोडा माझ्या पोरीला, मुडद्यांनो!"

खालून सगळे एकदम बोलले, "ओ दिली... हिने ओ दिली..."

त्या क्षणी तिला कळलं. ओ कोण देतं याच्याशी त्यांना देणंघेणंच नव्हतं. त्यांना फक्त ओ हवी होती.

"ते नाव माझं आहे!" ती फळ्यांवर तोंड टेकून किंचाळली. "मी आहे ती! ओ! ओ! ओ!"

हात सुटले.

मग तिच्या डोक्यावर सावली आली. गोल. खांबाएवढी जाड.

धप्प.

काकांनी काय पाहिलं, सांगू? मू पायरीवर बसलेली होती, ताटली मांडीवर. लामदुआन एकटीच मुकुटाने फळ्या बडवत होती. आणि मग वरून काहीच न पडता तिचे दोन्ही पाय त्यांच्यासमोर चिरडले गेले. हाडं बाहेर आली. रक्त उडून ढोलावर पडलं. तो ढोल त्यांनी नदीत सोडला आणि पुन्हा कधी वाजवायला बसले नाहीत.

फळ्यांवर साधा ओरखडा नव्हता. पण पाय कापताना जखमेतून डॉक्टरांनी वाटीभर तांबडी माती काढली. आणि मूच्या डोक्यावरचे मूठभर केस मुळासकट गेले होते. त्या जागी अजून टक्कल आहे.

तेव्हापासून लामदुआन रोज दुपारी बाराला खुर्चीत ताठ बसते आणि मोठ्याने म्हणते, "ओ!"

कुणीही हाक मारलेली नसते.

"मी दिली नाही तर ते पोरीला विचारतील," ती मला म्हणते. आणि बारानंतर तासभर तिची खुंटं थरथरत असतात. मला तिचं रडणं बघवत नाही हो.

गेल्या मंगळवारी तिला ताप होता. गोळी घेऊन झोपली आणि बारा वाजून गेले. मी स्वयंपाकघरात लसूण परतत होते.

अचानक तेलाचा चरचर आवाज थांबला... कढईत लसूण उडत होता, आवाज नव्हता.

मू दारात उभी होती.

"काकू, त्यांनी आज आईला विचारलं नाही. ते म्हणाले, दुसरं कुणी दे, मग आईला सोडतो."

"कोण म्हणालं?"

"खालचे. मी तुझं नाव सांगितलं." तिचे डोळे भरून आले. "तू रागावणार नाहीस ना? आईचं खूप दुखतं गं."

या शहरात मला कुणी वहिनी म्हणतं, कुणी काकू. माझं माहेरचं, पाळण्यातलं नाव इथे एकट्या मूला ठाऊक होतं. मीच एकदा कुशीत घेऊन, लाडाने, तिच्या कानात सांगितलं होतं.

काल दुपारी बाराला मला कुणीतरी माहेरच्या नावाने हाक मारली. चिखलभरल्या तोंडाने. मी ओठ चावून बसले.

आज दुसरी आली.

उद्या मी गप्प राहिले, तर ते कुणाकडे जातील हे मला माहीत आहे. मू शेजारच्या खोलीत आईचं डोकं चेपत बसली आहे. आज बऱ्याच महिन्यांनी दोघींच्या हसण्याचा आवाज येतोय.

माझं नाव काय, ते कृपा करून कुणी विचारू नका.