हापशाजवळचा डबा

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. 'मागची खोली रिकामी केली आहे. येतोस, की भाड्याने देऊ? एवढंच कळव,' असं माझ्या थोरल्या बहिणीने लिहिलं होतं. प्रश्न सरळ होता. जन्मभर वाचनालयात बसून लोकांच्या शंकांना उत्तरं शोधून देणाऱ्याला तो अवघड वाटू नये. पण याचं उत्तर माझ्या कपाटात नव्हतंच. ते होतं गावच्या हापशाजवळ, आणि तिथेच तर सगळा घोळ होता.

निवृत्त झाल्यावर या डोंगरातल्या गावी एकट्याने येऊन राहायचं, हे शहाणपण माझंच. निवांत वाचीन म्हणून पुस्तकांची खोकी घेऊन आलो. पण वीज तिच्या लहरीने यायची. चूल पेटवताना धुराने डोळे असे भरून यायचे की वेगळ्या शोककथेची गरज उरायची नाही. दोन कादंबऱ्या माझ्याआधी उंदरांनी संपवल्या. आणि पाणी आणायचं ते चौकातल्या हापशावरून.

पहिल्याच सकाळी हापशाशेजारी झाकण लावलेला पाण्याचा डबा दिसला. किती विचारी माणसं ही! मी त्या पाण्याने तोंड धुतलं, उरलेलं पायांवर घेतलं आणि हापसायला लागलो. हापसा नुसता कण्हला.

"टाचा राहिल्या धुवायच्या," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. पांढऱ्या केसांची सैल वेणी, खांद्यावर औषधांची पिशवी, आणि हसू दाबल्यामुळे वाकडे झालेले ओठ... गावच्या नर्सबाई.

"रात्रीत याचा घसा सुकतो," त्या म्हणाल्या. "आधी डब्यातलं पाणी याच्या नरड्यात ओतायचं, मग हापसायचं. आणि जाताना डबा पुन्हा भरून ठेवायचा. तुम्ही अख्ख्या गावाचं पाणी पायांवर घेतलंत, पुस्तकराव!"

"मग... आता?"

"आता ओढा. चला, वाट दाखवते. नाहीतर तिथे आंघोळच उरकून याल."

ओढा बराच लांब होता. का कोण जाणे, वाटभर मी बोलत सुटलो. राहून गेलेल्या लग्नाबद्दल बोललो, एकट्याने जेवताना घड्याळ किती मोठ्याने वाजतं त्याबद्दलसुद्धा.

"माझ्या भिंतीवरचं मी बंदच करून टाकलंय," त्या म्हणाल्या आणि भरभर पुढे गेल्या.

त्यानंतर रोज सकाळी मी जायचो तेव्हा त्या हापशाशी असायच्याच. त्या पाणी ओतायच्या, मी हापसायचो. खरं तर एका माणसाला ते सहज जमतं, मी लोकांना पाहिलं होतं. मग त्या का थांबायच्या? शेजारधर्म? की... छे! या वयात 'की'च्या पुढे जाऊ नये. माझ्या तोंडून 'हं' आणि 'हो' यापलीकडे काही निघेना.

एकदा त्यांनी माझं मनगटच धरलं. "नाडी फार पळतेय."

"आत्ता हापसलं ना, म्हणून..."

"आज मी हापसलं. तुम्ही नुसते उभे होतात."

आता याचा अर्थ काय लावायचा? किराणा दुकानदाराला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "नर्सबाई ना? त्या सगळ्यांचीच नाडी बघतात, आजोबा." झालं! मी आणखीच गोंधळलो.

मग ताईचं पत्र आलं. हापशाशीच मी ते त्यांच्या कानावर घातलं.

"काय कळवलंत?"

"अजून काहीच नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" डब्याचं झाकण त्यांनी जरा जोरातच लावलं. "पत्र तुम्हाला आलंय."

दुसऱ्या सकाळी डबा उपडा पडलेला. आत थेंब नाही. दुकानदार रिकामी बादली घेऊन उभा होता. "कोणी केलं हे?" म्हणत त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट सांगायचं तर माझ्या पायांकडे.

"मी नाही हो!"

"पाणी मी आणते," नर्सबाई म्हणाल्या. "पुस्तकराव, धरा डब्याची दुसरी कडी."

निम्मी वाट सरली. शेवटी मीच म्हणालो, "कुणाचं काम असेल हे?"

"माझं."

मी थबकलो. "तुमचं? पण नियम तर तुम्हीच —"

"पहिल्या दिवशी या वाटेवर किती बोललात! नंतर नुसतं हं नि हो. म्हटलं, ओढ्यापर्यंत चालवल्याशिवाय हा माणूस बोलायचा नाही." त्या समोरच्या वाटेकडे बघत म्हणाल्या, "कुणाची वाट बघायची सवय मोडली होती हो मी. तुम्ही ती परत लावलीत. आता जाणार असाल, तर तसं सांगा तरी."

तोंडाशी आलेली सगळी सुंदर वाक्यं पुस्तकांतली होती. ती मागे ढकलली.

"मला... तुमच्याशिवाय हापसता येणार नाही," मी म्हणालो.

त्या बघतच राहिल्या. मग खळखळून हसल्या. "अगं बाई! एवढ्या पुस्तकांतून हेच सापडलं?" पण त्यांचा हात कडीवरून सरकत माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला. परतताना डबा निम्मा सांडला. दुकानदार काय काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

दुपारी बस आली. गावची टपालपेटी तिच्याच दाराशी टांगलेली असते. मी कार्ड लिहून नेलं होतं. नर्सबाईंनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि वाचलं, 'ताई, खोली भाड्याने दे. इथल्या हापशाला दोन माणसं लागतात.'

"खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एकालाही जमतं."

"मग... खोडू?"

बस सुरू झाली. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं — आणि धावत जाऊन ते स्वतःच पेटीत टाकलं.