ससा आणि बीळ

एटीएमच्या चित्रणात पैसे काढणारा इसम ससा होता.

फौजदार बाईंनी चित्रण तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा ससाच. गुलाबी कान, पोटावर 'गाढ झोपा' अशी गाद्यांची जाहिरात, आणि पोशाख संपल्यावर खाली वीतभर उघडी पोटरी. सशाने एक पंजा काढला, इकडेतिकडे न बघता एका दमात पिन दाबला, नोटा पोटात कोंबल्या आणि निघून गेला.

बाईंना हसू आलं नाही. बाहेरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर नऊ दिवस रोज डबा घेऊन येऊन बसत होते. 'तुमची वीज तोडतो' असा फोन करून कुणीतरी त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनचे पैसे लांबवले होते. ते ज्या खात्यात गेले, त्याचंच कार्ड सशाच्या हातात होतं.

खातं होतं गादीच्या दुकानासमोर ससा होऊन पत्रकं वाटणाऱ्या मुलीचं. चण इतकी लहान की सगळे तिला चिमटी म्हणत. बाईंनी तिला, दुकानाच्या मालकाला आणि तिच्या मामाला चौकीत बोलावलं. मामा त्याच दुकानात गाद्या पोचवायचा. भाचीला कामाला त्यानेच लावलं होतं. पोशाख टेबलावर पडला होता.

"कार्ड चोरीला गेलं माझं," चिमटी म्हणाली. "तक्रारही दिलीय."

"कधी?"

"बँकेने खातं गोठवलं, त्या दिवशी."

"पिन कुणाला माहीत होता?"

"कुणालाच नाही. पैसे काढले त्या दिवशी मी तर रजेवर होते. मॅडम, एक तारखेला मला रुग्णालयात नोकरीवर रुजू व्हायचंय. गुन्हा नोंदला तर ते घेणार नाहीत."

"मग सशात कोण होतं?"

चिमटीने मालकाकडे पाहिलं. मालकाने मामाकडे. मामाने छताकडे पाहिलं. छत त्याला जवळच होतं.

"पोशाख असतो कुठे?"

"दारामागे खिळ्याला," मालक म्हणाला. "कुणीही घ्यावा."

"पण गाद्यांना ससा कशाला?"

"शर्यतीत झोपला तो हाच ना, मॅडम."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "घाला. एकेकाने."

चिमटीने घातला. पाय दोनदा दुमडूनही फरशी पुसत होते. मालकाची चेन बेंबीशी अडली. त्याला बाहेर ओढायला दोन हवालदार लागले.

"आता मामा."

"मला कशाला? चोर शोधा की. पोरीने पिन कार्डावरच लिहिला असेल."

"चढव."

कान पंख्याला लागले. खाली वीतभर पोटरी उघडी.

"मालक मावत नाही, भाची बुडते," बाई म्हणाल्या. "राहिलास तू. आणि कार्डावर पिन लिहिला होता म्हणतोस, तर सशाने कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. पिन त्याला पाठ होता. चोराला काय स्वप्नात दिसला? शिवाय हिला चोरी आठवली ती खातं गोठल्यावर. कार्ड चोरलेलं नाही. दिलेलं आहे."

चिमटीचा चेहरा पडला. "मामा म्हणाला, त्याचं खातं बंद पडलंय, चार दिवस दे. सख्ख्या मामाला नाही कसं म्हणायचं?"

"मी फक्त काढून पुढे द्यायचो," ससा आतून म्हणाला. "टक्केवारीवर. पैसे कुणाचे, मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, तर कान कशाला घातलेस?"

हवालदाराने पंजे काढले आणि बेड्या घातल्या.

"मग मी सुटले ना, मॅडम?"

"ससा तू नव्हतीस," बाई म्हणाल्या. "पण बीळ तुझं होतं. खातं दिलंस, पिन दिलास, वर आम्हाला खोटी तक्रार दिलीस. मामाच्या खाली दुसरं नाव तुझं."

"पण मला त्यातलं काहीच मिळालं नाही."

"मास्तरांनाही नाही."

चिमटी बाहेर येऊन उभी राहिली. बाक एकच होता. मास्तरांनी ती कोण ते न विचारता डबा उचलून मांडीवर घेतला आणि तिला जागा करून दिली.