अंटार्क्टिकातली मेथी आणि वीतभर वर गेलेला हात

मानेवरचा डास डोळे मिटूनही अचूक मारणाऱ्या शाल्मलीला डोळ्यांसमोरचा भलामोठा नळ का पकडता येत नव्हता?

तेराव्यांदा तिच्या मुठीत नुसती हवा आली.

ती होती साताऱ्यात, आबांच्या प्रयोगशाळेत. नळ होता अंटार्क्टिकातल्या हरितगृहात. तिनं आभासी वास्तवाचा (खरं वाटणारं, पण संगणकानं रेखाटलेलं जग) चष्मा चढवला होता. चष्म्यात काय कुठे दिसावं, ही मांडणी आबांची. ती हात हलवी, तसा तिथला यंत्रमानव हलवी. नळ गळत होता. पंधरा मिनिटांत टाकी रिकामी होणार आणि तिच्या वर्गानं पेरलेली मेथी मरणार. तिथले संशोधक पेंग्विन मोजायला गेले होते.

"आबा, पाना कुठंय?"

"वर डावीकडे बघ. 'अवजारं', मग 'लहान अवजारं', मग 'फार लहान नसलेली'..."

"आबा! तिकडं बघितलं की नळ दिसत नाही! आणि माझा हात इतका वर का दिसतोय?"

"वीतभर मुद्दाम वर काढलाय. खाली काढला की पोट मध्ये येतं."

"कुणाचं?"

आबा खाकरले.

"डोळे मिटा आणि नाकाला बोट लावा," शाल्मली दातओठ खात म्हणाली. "लागलं? कसं?"

"सोपंय. हात कुठे आहे हे स्नायू आणि सांधे मेंदूला सारखे कळवतात. हेच शरीरभान (न बघता आपले अवयव कुठे आहेत ते कळणं)..." आबा थांबले. "अरेच्चा! स्नायू म्हणतात हात खाली, चित्र म्हणतं वर. मेंदूनं ऐकावं कुणाचं?"

"तेच तर केव्हाची बोंबलतेय!"

आबांनी भराभर चित्रातला हात खऱ्या हाताच्या जागी आणला. नळावर हाताची सावली पाडली. हात जवळ गेला की ती गडद होई. ही दृश्यखूण (डोळ्यांना अंतराचा अंदाज देणारी खूण). पाना ठेवला थेट कानामागे, सुतार पेन्सिल ठेवतो तसा.

नळावरची नजर न हलवता शाल्मलीनं कानामागून पाना ओढला. सावली गडद झाली. पाना बसला. करकचून एक पीळ, आणि गळती थांबली. टाकीत दोन बोटं पाणी उरलं होतं. मेथीला पुरे.

"आता चंद्रावरच्या यंत्रमानवाची मांडणी," आबा हात चोळत म्हणाले.

शाल्मलीनं चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि स्वतः संगणकापुढे बसली. "मांडणी मी करते. तुम्ही आत जा. अडखळलात की ओरडा."

आबा पहिल्याच मिनिटाला ओरडले. तिनं ते समाधानानं लिहून घेतलं.