विसरऊब

तांबट आळीतली ठोकाठोक एका यंत्रामुळे पुन्हा सुरू होईल, असं पन्नास वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर आळीनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं खरं तसंच. घरातलं बोलणं घरातच राहिलं पाहिजे असा कायदा आला आणि बघता बघता प्रत्येक घरात टेबलावर एक गृहगणक येऊन बसला. तो दिवसभर घरातलं सगळं ऐकायचा, लागेल ते लक्षात ठेवायचा आणि वेळेवर आठवण करून द्यायचा. सरकारी कागदांवर त्याचं नाव गृहगणक, पण घरोघरी त्याला लाडाची नावं पडली होती. यशवंतराव वडक्यांच्या घरी तो 'गणोबा' होता.

या सगळ्या गणकांना एकच खोड होती. ते तापायचे. पंख्यांच्या वाऱ्यानं त्यांचं भागेना, तेव्हा त्यांच्या अंगाशी तांब्याच्या नळ्या खेळवून आत पाणी फिरवायची पद्धत निघाली. अशा पाण्याच्या फेरीला लोक 'जलफेर' म्हणू लागले. कारखान्यातला तयार जलफेर मिळायचा, पण हातानं घडवलेल्याची सर त्याला नव्हती. आळीतल्या पोरांचे हात पुन्हा हातोडीवर बसले ते त्यामुळे.

यशवंतराव मात्र या उद्योगापासून लांब होते. ज्या हातांनी घागरी आणि बंब घडवले, त्या हातांनी डबडी थंड करायची हे त्यांना कमीपणाचं वाटे. "मी तांबट आहे, डबड्यांचा वैद्य नाही," असं ते आल्यागेल्याला ऐकवत. चैत्रात एका दुपारी गणोबा तापून मुका झाला आणि त्यांचा हा ताठा एका तासात उतरला.

कारण शरयूबाई. गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यातून नावं निसटायला लागली होती. आधी लांबच्या नातेवाइकांची गेली, मग शेजाऱ्यांची. पण कानात एक मणी होता आणि त्या मण्यातून गणोबा हळूच सांगायचा, "शरयूताई, समोर आल्यात त्या निमकरांच्या सूनबाई. परवा त्यांचा पाय मुरगळला होता." की शरयूबाई लगेच, "काय गं, पाय कसा आहे?" साऱ्या आळीत त्यांच्याइतकं अगत्य कुणाचं नव्हतं. त्या दुपारी मात्र मणी गप्प झाला आणि त्या भाजीवाल्यासमोर हातात दोडके घेऊन उभ्या राहिल्या. घर कुठल्या बाजूला ते आठवेना. शेवटी भाजीवाल्यानंच घरी आणून सोडलं.

"दोडके मात्र कोवळे मिळाले हो," असं म्हणून त्या खळखळून हसल्या. यशवंतरावांना हसू आलं नाही. 

रविवारी त्यांनी भाचीला बोलावून घेतलं. मुक्ता विद्यापीठात उष्णतेचं शास्त्र शिकवायची. ती आली तेव्हा मामा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं आराखडा काढत बसले होते.

"मामा, तू आणि जलफेर?" ती डोळे विस्फारून म्हणाली.

"दात काढू नकोस. हे बघ. गणोबाच्या मेंदूवर ही तांब्याची पट्टी. तिच्यातून पाणी गरम होऊन निघणार, नळीनं माळ्यावरच्या बंबात जाणार..."

"बंबात? तो धूरबंदीपासून धूळ खात पडलाय ना? तीन वर्षं झाली."

"म्हणून तर. बंबात वेटोळं बसवतो. गणोबाचं पाणी वेटोळ्यातून फिरेल, आंघोळीचं पाणी त्याच्या बाहेर राहील. दोन्ही एकमेकांत मिसळणार नाहीत. गणोबा थंड आणि तुझ्या मामीला फुकटचं कढत पाणी. त्या भिंतीवरच्या फवाऱ्याखाली आंघोळ म्हणजे तिला शिक्षा वाटते."

मुक्तानं कागद ओढून घेतला. "पंप वर काढलायस, तो खाली घे. साठ्याची बरणी त्याच्या डोक्यावर पाहिजे, नाहीतर पंप कोरडा फिरेल आणि जळेल. पाणी नळाचं नाही हं, डिस्टिल्ड. आणि सगळी फेरी तांब्याचीच ठेव. मध्ये कुठे अॅल्युमिनियम आलं तर..."

"तर गंजून चाळण होईल. हे तू मला शिकवणार?"

"बरं बाबा. आणि जोडल्यावर गणोबा बंद ठेवून एक अख्खा दिवस नुसतं पाणी फिरव. सांध्यांखाली वर्तमानपत्र पसर. एक जरी थेंब दिसला तरी पुन्हा सुरुवात."

यशवंतरावांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "पण मला एक सांग. हा बसल्या जागी तापतो कशानं? विचार करून?"

मुक्ता खुलली. हा तिचा आवडता विषय. "तीच तर गंमत आहे मामा. विचार करून नाही, विसरून! पाटीवर लिहायला काही लागत नाही, पण पुसायचं म्हटलं की घासावं लागतं, आणि घासलं की ऊब येते. निसर्गाचा नियमच आहे तो. माहितीचा एक कण पुसला की ठरावीक उष्णता बाहेर पडणारच. जुने गणक इतके उधळे होते की त्यांच्या बाकीच्या धगीत ही ऊब दिसायचीच नाही. आताचे इतके सुधारलेत की तेवढीच उरलीय. आम्ही तिला 'विसरऊब' म्हणतो. गणोबा दिवसभर तुमचं सगळं ऐकतो, त्यातलं बरंचसं पुसतो, म्हणून तापतो."

"म्हणजे तुझी मामी आता चांगलीच तापत असेल," यशवंतराव म्हणाले.

"ऐकू येतंय मला!" आतून शरयूबाई ओरडल्या. "नावं विसरते, कान शाबूत आहेत!"

तिघंही पोट धरून हसले आणि विसरऊब तिथेच राहून गेली.

पट्टी घडवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मुक्ता बघायला आली आणि तिनं कपाळावर हात मारला. यशवंतरावांनी पट्टी दोन्ही बाजूंनी मठारून ठेवली होती. मठारकाम म्हणजे तांब्यावर हातोडीनं एकाशेजारी एक उठवलेल्या चकाकत्या खळ्या. प्रत्येक घराण्याची ठोक वेगळी, आणि कोरा पत्रा हाताबाहेर सोडणं म्हणजे तांबटाची नाचक्की.

"मामा, ही बाजू गणोबाच्या मेंदूला चिकटायची आहे. आरशासारखी सपाट हवी. प्रत्येक खळीत हवा अडकेल आणि तो भाजून निघेल!"

शरयूबाई तर पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं, याच खोडीपायी आमचं लग्न झालं! मी आपली गुळगुळीत घागर आणली, पोचा काढायला. तर यांनी पोचा काढला आणि सबंध घागर मठारून ठेवली! न विचारता! मी इथे उभी राहून भांडले. अख्खी आळी हातोड्या खाली ठेवून ऐकत होती."

"आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला आली," यशवंतराव म्हणाले.

"तिसऱ्याही दिवशी. भांडण संपलं नव्हतं ना!"

ती घागर अजून स्वयंपाकघरात होती. शरयूबाई ती कुणाला घासू देत नसत.

यशवंतरावांनी पट्टीची एक बाजू घासून घासून आरसा केली. दुसरी, पाण्याकडची बाजू मात्र त्यांनी मठारलेलीच ठेवली. त्यावर मुक्तानं आधी नाक मुरडलं, मग मोजमाप घेतल्यावर थक्क झाली. खळ्यांवरून जाताना पाणी सरळ न वाहता घुसळत होतं आणि कारखान्यातल्या पट्टीच्या दुप्पट उष्णता उचलत होतं. "मामा, यावर मी शोधनिबंध लिहिणार," ती म्हणाली. यशवंतरावांची छाती फुगली. वर्तमानपत्रावर एक दिवस गेला, दुसरा गेला, एक थेंब पडला नाही.

मग काय विचारता! गणोबा असा तरतरीत झाला की विचारायच्या आधी उत्तर तयार. भर दुपारीसुद्धा शरयूबाई कानात मणी घालून आळीभर फिरून येऊ लागल्या. आणि सकाळी बंबाचं वाफाळतं पाणी! पहिल्या दिवशी तीन वर्षांनी न्हाणीघरातून त्यांचं गाणं ऐकू आलं. त्यांच्या आईचं होतं ते, इतर कुणी म्हणताना यशवंतरावांनी ऐकलं नव्हतं. पहिली ओळ शब्दांत, पुढे नुसता सूर. यशवंतराव दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे होते. त्यांना इतका आनंद झाला होता की सुराकडे त्यांचं लक्ष होतं आणि शब्दांकडे नव्हतं.

दीड महिन्यानं निमकरांची सून मुलीला घेऊन आली. मुलीनं घागरीला हात लावून विचारलं, "आजी, ही अशी खडबडीत का?" शरयूबाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. "गणोबा, सांग रे हिला."

गणोबा टेबलावरून मोकळ्या आवाजात म्हणाला, "शरयूताईंनी ही घागर पोचा काढायला एका तांबटाकडे नेली होती. त्यानं ती न विचारता मठारून दिली. शरयूताई त्याच्याशी भांडल्या."

"कोण तांबट?" यशवंतरावांनी विचारलं.

"नाव माझ्याकडे नाही, यशवंतराव."

शरयूबाई मुलीला लाडू द्यायला आत गेल्या.  यशवंतरावांनी लगेच मुक्ताला फोन लावला.

मुक्ता संध्याकाळी आली. तिनं गणोबाची तपासणी केली, आणि नेहमीसारखी घाईघाईत बोलली नाही. "मामा, तो बिघडलेला नाही. गरम असायचा तेव्हा पुसायचं काम तो पुढे ढकलायचा. पसारा साठायचा, जागा संपायची, मग मुका व्हायचा. आता त्याला ताप नाही, म्हणून तो नेमानं पुसतो. एकच गोष्ट चारदा ऐकली असेल तर शेवटची ठेवतो. दीड वर्षात ज्याबद्दल कुणी विचारलं नाही ते काढून टाकतो. घागरीची गोष्ट मामीनं शेवटची सांगितली तेव्हा..."

"तेव्हा तिला माझं नाव आठवलं नसेल."

मुक्तानं मान डोलावली.

"त्याला सांग, काही पुसू नकोस म्हणून."

"आठ दिवसांत भरेल आणि मुका होईल. मोठी पेटी आणली तर सहा महिन्यांत. मग मामी पुन्हा भाजीवाल्यासमोर उभी."

"आणि पुसलेलं? परत आणता येईल?"

"शास्त्र म्हणतं, ते नाहीसं होत नाही. ते पाण्यात गेलं. पाण्याच्या कणांच्या थरथरीत आहे ते अजून कुठेतरी. पण वाचता कुणालाच येणार नाही." तिनं गरम नळीला हात लावून पाहिला. "तू फार चांगली पट्टी बनवलीस मामा."

यशवंतरावांनी बंबाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हाताचा राग आला.

पण ते हातपाय गाळून बसणारे नव्हते. जे विचारलं जातं ते गणोबा ठेवतो ना? मग विचारायचं! दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी काम बाजूला ठेवून शरयूबाईंशेजारी बसू लागले. तुझ्या शाळेत कोण कोण होतं? तुझी आई पुरणात काय घालायची? आपण दिवेआगरला गेलो तेव्हा पावसात कोण घसरलं? शरयूबाईंना आठवलं नाही की गणोबाला विचारायचं, गणोबाकडे नसलं की स्वतः सांगायचं. घागरीची गोष्ट त्यांनी स्वतःच्या नावासकट तीनदा सांगितली.

"असं झालं होतं होय?" शरयूबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "तो तांबट म्हणजे तुम्ही? बरं झालं बाई, मी भांडले ते!" आणि मग लटक्या रागानं, "चाळीस वर्षांत कधी एवढी चौकशी केली नाहीत. आता काय सुचलंय?"

"चुकलंच माझं," यशवंतराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

दोघांच्या दुपारी अशा मजेत जाऊ लागल्या की शेजारीपाजारी चेष्टा करू लागले. गणोबाकडे आता पुष्कळ काही पक्कं झालं होतं. यशवंतरावांना वाटलं, जिंकलो.

एका सकाळी त्यांनी बादली भरली. पाणी कालच्यापेक्षा कढत होतं, बोट बुडवल्याबरोबर त्यांनी काढून घेतलं. त्यात थोडं गार पाणी घालून त्यांनी शरयूबाईंना हाक मारली आणि टॉवेल घेऊन दाराबाहेर उभे राहिले.

आतून तांब्या वाजला. गाण्याची पहिली ओळ आली, मग नुसता सूर. मग सूरही थांबला.

"गणोबा, पुढची ओळ काय रे?"

"कोणत्या गाण्याची, शरयूताई?" टेबलावरून गणोबानं विचारलं.

"आईच्या."

"ते माझ्याकडे नाही, शरयूताई."

दाराबाहेर यशवंतरावांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं त्यांनी ते गाणं ऐकलं होतं. चाल पाठ होती, कुठे आवाज चढतो, कुठे दम घेतला जातो तेही पाठ होतं. पण पुढची ओळ?  या ओळीबद्दल गणोबाला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि शरयूबाईंनाही नाही.

"अहो, तुम्हाला येते का?" आतून हाक आली.

"नाही गं."

"जाऊ दे." मग भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि शरयूबाईंचा तृप्त, खुशीचा आवाज. "पाणी मात्र आज झकास तापलंय हो!"