गोदामातून गेलेली हाक

भगवानराव ओसरीवर घोंगडी ओढून बसले, तशी पोरं जवळ सरकली.

"हे आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मारोतराव फिटरचं हाय. त्याच्याच तोंडून ऐकलं मी," म्हणत त्यांनी सुरुवात केली.

साल एकोणीसशे सहासष्ट. मारेगाव. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.

मारोतराव वणीच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्राच्या मालकानं नागपूरहून एक मशीन आणलं होतं. आत टेपची पट्टी गोल फिरे, आणि वाजवलेला सूर पुन्हा पुन्हा ऐकू येई. एका बैठकीत ते शिकून घ्यायचं होतं. घरावर टिनाचं छप्पर, सगळंच घुमायचं. म्हणून त्यानं जिनिंगमधलं रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं, गोदाम धरलं. रुई आवाज पिऊन टाकते. मशीनचा तेवढा नीट कळणार.

निघताना बायकोनं, विमलनं, मशीनला हळदकुंकू लावलं. तिचे दिवस भरत आले होते, सकाळपासून कंबर दुखत होती.

"आठाच्या आत या जी. तुमच्याबिगर उपास सोडत नाई मी."

"आलोच समज. मशीनच्या पाया पडली, आता माह्याबी पड!"

"चाला, निघा!" ती हसली.

गोदामात त्यानं पहिलं बटण फिरवलं. सूर किती वेळानं परतायचा, ते त्यावर. जरासं फिरवलं तर दोघं जण वाजवताहेत असं वाटे. जास्त फिरवलं तर आपण विचारावं आणि कोणी सावकाश उत्तर द्यावं तसं. दुसरं बटण, किती वेळा परतायचा त्याचं. तिसरं, किती मोठ्यानं. तो रंगून गेला. वेळेचं भान राहिलं नाही.

आगीच्या भीतीनं गोदाम दिवेलागणीला बंद होई. कुलूप घालण्याआधी चौकीदार उकंडा तीनदा हाक देई. आठ वर्षांपूर्वी एक धिप्पाड हमाल रुईच्या ढिगाखाली दबून गेला होता, त्याचं ओरडणं कोणाला ऐकूच गेलं नव्हतं. तेव्हापासूनचा हा रिवाज.

उकंडानं हाका दिल्या. पण मारोतराव आपल्याच सुरात होता.

साडेआठला तो उठला. दार ढकललं. बाहेरून बंद.

त्यानं दार बडवलं. ओरडला. आवाज तोंडातून निघाला की तिथंच विरे. चारी बाजूंनी पांढऱ्या भिंती. विमल उपाशी असेल... आणि कळा सुरू झाल्या असतील तर?

त्यानं माईक लावला. तिन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली.

"विमल! ऊठ! इंदूबाईले घेऊन दवाखान्यात जा!"

तेवढ्यात लाईन गेली. बल्ब विझला. मशीन बंद पडलं. मनगटावरच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकत होते, नऊ वीस.

"विमल! ऊठ!..."

मशीन बंद होतं. तरी हाक परत आली. ढिगापाशी.

मग दाराशी.

मग... दाराबाहेर.

ती लहान होत नव्हती. लांब जात होती. चौथी गावाकडच्या रस्त्यावरून आली.

नंतर काही नाही. नुसती रुई. तो रात्रभर लक्ष्मीचं नाव घेत बसला.

पहाटे उकंडानं दार उघडलं. मारोतराव धावतच घरी आला. घराला कुलूप. शेजारची इंदूबाई हसत पुढे आली.

"कुठं गेलते, मारोतराव? रात्री दारावर चार हाका देल्या, अन् मी येतवर पसार! मीच नेली तिले. पोरगी झाली. डॉक्टर म्हने, घंटाभर उशीर झाला असता तर दोघीबी हातच्या गेल्या असत्या."

"किती वाजले होते?"

"साडेनऊ. काहून?"

मारोतराव दाराकडे बघत होता.

फळीवर पंज्याचे चार ठसे होते. सरकीच्या तेलाचे, वर रुईचे तंतू चिकटलेले. मारोतरावच्या हातापेक्षा बोटभर मोठे. पहिला ठसठशीत. दुसरा त्याहून फिका. तिसरा आणखी.

चौथा... नुसता अंदाजच.